खडूचा खर्च

फळा होता तो फेरीच्या वेळा लिहायला.
सकाळी सात, दहा, दुपारी दोन,
आणि समुद्राच्या मनात असेल तर सहा.
खाली वीतभर जागा उरायची.
एदेल्मिरा नाउएल्किनने तिकीटखिडकीत बसल्याच्या तिसऱ्याच दिवशी
त्या वीतभरात एक वाक्य लिहिलं.
मी तेव्हा नुकताच दोर फेकायला लागलो होतो.
पहाट होती त्यात, आणि ती सोनेरी होती.

चिलोएच्या आमच्या धक्क्यावर पहाट
भिजल्या पोत्याच्या रंगाची असते.
बाबा म्हणाले, "बाई, खिडकीतून बघतेस की कॅलेंडरातून?"
ती हसली नाही.
दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहिलं. तेही वाईटच.

मग एक हिवाळा यमकांचा गेला.
मेंढीला जुळणारं काही सापडेना
म्हणून तिने मेंढ्यांवर लिहिणंच सोडलं,
आणि आमच्या बेटावर तर माणसांपेक्षा मेंढ्या जास्त.
मग उपदेश. दोन वर्षं उपदेश.
गॅसच्या टाक्या नेणारा ओस्वाल्दो म्हणायचा,
सहाची फेरी रद्द, शहाणपण मात्र वेळेवर.

पाऊस तिरका येतो इथे.
पत्र्याच्या कडेने ठिबकत दुपारपर्यंत
वाक्याचं शेपूट धुऊन नेतो.
आमच्या भाषेत विशेषण नामाच्या मागून चालतं,
त्यामुळे आधी तेच बुडायचं.
ती खिडकी सोडून बाहेर यायची,
मान वाकडी करून उरलेलं वाचायची
आणि काही न बोलता आत जायची.
कुणी शिकवलं असेल तिला, तर ह्या गळतीने.

नवव्या वर्षी एका सोमवारी फळ्यावर होतं:
'रुफिनो काल सरळ वल्हवत आला. धक्काच वाकडा होता.'
रुफिनो म्हणजे माझे बाबा.
सगळी फेरी हसली. मीही हसलो, दोर हातात धरून.
एक शब्द काढायला जागा नव्हती त्या वाक्यात,
म्हणून तर ते घरापर्यंत पोचलं.
सतरा दिवस बाबा धक्क्याकडे फिरकले नाहीत,
सफरचंदाची दारूही घरातच प्यायले.

ती आली एका संध्याकाळी, अर्धी बादली शिंपले घेऊन.
बटाट्यावरच्या रोगाबद्दल बोलली. बादली विसरून गेली.
मग कितीतरी आठवडे
फळ्यावर नुसते सात, दहा, दोन, सहा.
मला वाटलं, संपलं.
तर एक दिवस, बारीक अक्षरात:
'लाकूड सुकं आहे असं सांगणाऱ्याकडून लाकूड घेऊ नका.'
बाबांनी ते दोनदा वाचलं. आमचं लाकूड ओलं निघालं होतं.

बाबा गेले त्या सकाळी तिने लिहिलं:
'दहाची फेरी उशिरा. रुफिनोची होडी बांधलेलीच आहे.'
दुपारी पावसाने तेही नेलं.
तिने पुन्हा गिरवलं नाही,
मी वाट बघत होतो तरी.

एकोणीस वर्षं. कुठे एक ओळ जपलेली नाही.
एलिसेओच्या दुकानातली उधारीची वही तेवढी आहे:
पहिल्या वर्षी खडूच्या पेट्या बावीस,
मागच्या वर्षी तीन.
एलिसेओला वाटतं, बाई आता दुसरीकडून घेते.

परवा ती दात काढायला कास्त्रोला गेली.
जाताना खडू माझ्या हातात दिला.
"वेळा लिही. वाटलं तर खालीही."
मी वेळा लिहिल्या. खाली बघत उभा राहिलो.
वल्ह्याने घट्टे पडलेला हात, दोराने सोललेली बोटं,
एकोणीस वर्षांत रोज वाचलेला फळा,
आणि लिहिलं काय, तर पहाट.
पुढे सोनेरी.

बाहीने पुसलं.
ओस्वाल्दोने भोंगा वाजवला, सातावर चार मिनिटं झाली होती,
आणि दोर अजून खांबालाच होता.