एल्ला, इल्ला

खानापुरात, झेरॉक्सच्या दुकानावर माझा क्लास.
वनरक्षकाच्या परीक्षेला बसलेली चौदा पोरं,
पंखा एक, तोही माझ्याकडे तोंड करून.
पेपर कानडीत येतो. रात्री बसून मी मराठी करतो.

प्रश्न सतरावा:
या रानातले सर्व वाघ पट्टेरी आहेत.
या रानातला एकही वाघ पट्टेरी नाही.
दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात का?
उत्तरसूचीत छापलंय, होय.

मला वाटलं, चूक माझीच.
एल्ला म्हणजे सगळे, इल्ला म्हणजे नाही,
डुलकीत ए चा इ वाचला असेल.
मूळ पान काढलं, बोट ठेवून पाहिलं.
ए तो ए होता. इ ती इ.
मग म्हटलं, छापणाऱ्याची चूक. अठरावा घ्या.

शेवटच्या बाकावरून तुळसा घाडी म्हणाली,
बरोबर हाय की सर.
आमच्या गोठ्यातल्या सगळ्या म्हशी दुभत्या.
आमच्या गोठ्यातली एकबी म्हैस दुभती नाही.
दोन्ही खरं.

कसं?

विकल्या की, शिमग्याला.

पोरं हसली.
मी खडू धरून उभा.
खोटं ठरवायचं तर एक तरी म्हैस लागते,
दुभती नाहीतर भाकड,
दाव्याला बांधलेली.
अकरा वर्षं मी फळ्यावर गोल काढतो आहे
आणि काढल्या काढल्या त्यात काहीतरी भरतो.
आज नुसता गोल काढला. खाली लिहिलं: रान.

कर मग खूण, होयवर.

तिचं पेन हलेना.
पण सर, वाघ हाय.
वरच्या ओढ्यात बाबानं पंजा बघितलाय,
पाणी अजून झिरपत होतं त्यात.
आमच्या रानाचं उत्तर नाही असं येतंय.

अगं, प्रश्नातलं रान तुमचं नव्हे.

मग कुणाचं?

ते दिलेलं नव्हतं. कानडीतही नव्हतं.

तिनं होयवर खूण केली. एक मार्क आहे त्याला,
आणि चुकलं तर पाव कापतात.
खाली हेम्मडग्याची सव्वापाचची गाडी लागली होती.
दारात चपला शोधता शोधता म्हणाली,
स्टॉपपासनं पुढं दोन किलोमीटर
आम्ही मोठ्यानं बोलत जातो सर, सगळी.
बोलायला काय नसलं
तर पाढे म्हणतो.