खवट

दाणाबंदरच्या गोदामात
हौसाबाई शेंगदाणा नुसता तळव्यावर घेऊन सांगायची :
हलका लागतोय, आतून गेलाय.
चाळीस वर्षं वेलजीशेठच्या तराजूपेक्षा
तिचा तळवा खरा.
सुरकुतलेला, काळवंडलेला,
सालीखाली हिरवट पूड धरलेला दाणा
ती वेगळ्या टोपलीत टाकायची,
आणि दिवेलागणीला
तीच टोपली निम्म्या भावात
गल्लीच्या टोकाला विकली जायची.
चटणीत तिखट वाढवलं की खवट कळत नाही,
शेठ म्हणायचे.
खोटं नव्हतं ते.
निवडणाऱ्या बायकाही त्यातलंच ओट्यात बांधून न्यायच्या.

आता ती आमच्याकडे येते, परळला,
मंगळवारी आणि शुक्रवारी,
वाईटातले वाईट दाणे निवडून द्यायला.
यंत्र आहे आमच्याकडे.
त्याला इथली दमट हवा सोसत नाही,
हिला दुसरी माहीत नाही.

मी दिवे मालवते.
जांभळ्या दिव्याखाली कुटाची बशी सरकवते.
निळं.
मोरपिसातलं काढून घ्यावं असं निळं.
"अगं बाई," हौसाबाई म्हणते,
"हे इतकं देखणं असतं?"

मी सांगते, हे रोज थोडंथोडं काळजात साठतं.
"काळजात म्हणजे?"
काळजातच. खाटकाकडे मागतो, ते.
अंधारात ती बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजते.
चारावर थांबते. पुन्हा पहिल्यापासून मोजते.
मी नावं विचारत नाही.

मग बाटली.
धिंगरी अळंबीतून काढलेलं विकर, चहाच्या चोथ्याच्या रंगाचं.
लाकूड जिरवणारी जात ती;
बुरशीनं करून ठेवलेलं
तिच्याच भावकीतलं कुणीतरी निस्तरतंय.
विषाच्या रेणूला एक कडं असतं, मी सांगते,
सगळा जोर त्या कड्यात.
हे ते कडं उघडतं.
"बांगडी फुटते तसं?"
नाही. बुगडीची फिरकी निघते तसं.
हे तिला पटतं.
(मलाही ते तेव्हाच नीट कळलं.)

पहिले सात महिने काहीच उघडलं नाही.
दाण्याचं तेल आडवं यायचं.
साहेब म्हणाले, सोडून द्या, दुसरा विषय घ्या.
आठव्या महिन्यात तेल आधी काढलं,
बशी रात्रभर उबेला ठेवली,
आणि सकाळी निळं
धुतलेल्या साडीसारखं विटलेलं.

हौसाबाई वाकून वाकून बघते.
"गेलं?"
बरंचसं.
"गेलं ते गेलं कुठं?"

याचं उत्तर माझ्या वहीत अजून कोरं आहे.
तुकडे झालेत. तुकडे काय करतात ते तपासतोय.
म्हणून मी 'विष गेलं' असं लिहीत नाही.
'प्रकाश मंदावला' एवढंच लिहिते, तारीख घालते.

"आणि हे खायचं कोणी?"
मी गप्प.
गल्लीचं टोक आम्हा दोघींनाही ठाऊक आहे.

पडदा सरकवल्यावर उजेडात
बशीच्या कडेला एक अख्खा दाणा सापडतो,
कुटायचा राहिलेला, पण रात्रभर त्याच पाण्यात भिजून सुकलेला.
ती तो उचलते, तळव्यावर घेते,
डोळे मिटते.
खाली बंदराकडे जाणारा ट्रक हॉर्न देतो.

"हलकाच आहे अजून," म्हणते,
आणि टोपली शोधू लागते.