खालून येणारं ऊन

बासिलिया कोल्के गुरुवारी आली,
मीठ भरून झाल्यावर, हात न धुता.
टोपी काढली, मग मास्क, मग आतला मास्क,
आणि खुर्चीत बसून म्हणाली, हे कापड काढा.

कोल्चानीत वांगाला कापड म्हणतात.
दोन्ही गालांवर, वरच्या ओठावर, कपाळाच्या मधोमध,
तपकिरी, कडा कातरलेलं,
तिसऱ्या बाळंतपणात पसरलेलं.
धाकटी आता सहा वर्षांची आहे.
कापडाचा एक टाका उसवला नाही.

पाठीवरच्या गाठोड्यातून तिने डबी काढली:
उयुनीच्या बाजारातली, लेबल नसलेली, गुलाबी.
पहिले पंधरा दिवस गाल उजळले,
नवऱ्यानेही मान वर करून पाहिलं म्हणे.
मग आग. मग लाली. मग कातडी इतकी पातळ
की आतल्या शिरा दोऱ्यासारख्या दिसू लागल्या.
आत काय होतं ते मी सांगणार होते,
पण तिला अंदाज होता.
ती फक्त विचारायला आली होती,
एकदम बंद करू, की हळूहळू?

हळूहळू, मी म्हणाले. आणि टोपी घाला.
टोपी आहे.
मोठी घाला.
ती हसली. डॉक्टर, तुम्ही मिठावर आलाय कधी?

आठ महिने झाले होते मला या दवाखान्यात.

रविवारी तिने नेलं.
लोक फावड्यांनी मिठाचे कमरेएवढे ढीग ओढत होते
आणि ऊन खालून येत होतं.
हनुवटीखाली. नाकपुड्यांत. टोपीच्या काठाच्या आत,
जिथे माझ्या पुस्तकात सावली होती.
धापा टाकत तोंड उघडं ठेवून चालले,
तर रात्री टाळूसुद्धा भाजलेली.

चांगल्या ट्यूबची किंमत मी पाकिटांत मांडली:
दोनशे किलो मीठ, वाळवून, दळून,
पिशव्यांची तोंडं ज्योतीवर चिकटवून.
तिचा हिशेब माझ्याआधी झाला होता. तीन आठवडे.
खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
मीठ कोणाला जागतं, ते कोणी सांगत नाही.

तिचा थोरला, विल्बेर, सोळाचा.
वर्गातही मास्क काढत नाही, मास्तर ओरडून थकले.
माझ्यासमोर काढला, भिंतीकडे बघत.
मुरूम: पिकलेले, दडलेले, नखाने उकरलेले,
जबड्याच्या रेषेवर दाटीवाटीने.
मी सांगत गेले, फोडू नकोस.
वाटाण्याएवढं मलम, रात्री, तीन महिने तरी.
आधी वाढतील, घाबरून सोडू नकोस.
तपकिरी डाग वर असतो, तो जातो.
खळगा आत असतो.

मग तो राहतो?
आणि पहिल्यांदाच त्याने माझ्याकडे पाहिलं,
डोळ्यांकडे नाही, गालांकडे.
तिथे माझं सोळावं वर्ष आहे,
कोचाबांबाच्या न्हाणीघरात कर्कटकाच्या टोकाने उकरलेलं.
डॉक्टरांना स्वतःचं नीट करता येत नाही?

या गावात जखमेवर मीठ कोणी चोळत नाही,
ते वाऱ्याबरोबर आपोआप येतं.

लेझर घेतलं होतं, मी म्हणाले. ला पाझला. चार वेळा.
निम्मे भरले. निम्म्यांची सवय झाली.
कोणते निम्मे?
मी गालावर बोट ठेवलं, मग दुसरीकडे,
मग बोट खाली घेतलं.
मला सांगता आलं नाही.

दोन आठवड्यांनी बासिलिया परत आली.
टोपीच्या काठाला आतून काळं अस्तर,
गळ्यापासून नाकापर्यंत उभी, जाड पट्टी.
तीन शिवले होते: एक तिचा, एक धाकटीचा,
एक नजरेने घेतलेल्या माझ्या मापाचा.
कापडाला कापड, ती म्हणाली.
लाली थोडी उतरली होती. वांग होतं तिथेच.

विल्बेर बाहेर पायरीवर बसला होता,
मास्क हनुवटीखाली ओढून,
मुठीतला फुगलेला मका खात.
माझी चाहूल लागली तेव्हा त्याचा हात वर गेला,
पण मूठ भरलेली होती.