भ गण

बटण दाबलं. पंखा फिरला, हिरवा दिवाही लागला,
पडदा मात्र काळा,
रिकाम्या तव्यासारखा.
मग पेटीच्या पोटातून आवाज:
एक लांब, दोन आखूड.
थांबून पुन्हा,
एक लांब, दोन आखूड.

रुवीतला जुलै. दुपारचे तीन.
मिरचीच्या गोदामाची बिलं उद्या सकाळी द्यायची,
आणि ती सगळी त्या काळ्या पडद्यामागे.
जयवंत मरमूलला, तेलाच्या विहिरींवर,
मध्ये नुसतं वाळवंट,
त्याच्या सुट्टीला अजून एकोणीस दिवस.

म्हणाला, "फोन धर पेटीजवळ."
फरशीवर गुडघे टेकून मी फोन धरला,
तापलेल्या मुलाच्या छातीशी धरावा तसा.
यंत्र बोललं. तो ऐकत राहिला.
त्याच्याकडे कुणीतरी लोखंडावर लोखंड आपटत होतं.
"ग्राफिक्स कार्ड," तो म्हणाला. "एक लांब, दोन आखूड म्हणजे तेच."
"गुरू, लघू, लघू," मी म्हणाले. "भ गण."
"काय?"
"काही नाही. यमाताराजभानसलगा."

वेंगुर्ल्याच्या शाळेत अकरा वर्षं
फळ्यावर हेच लिहिलं मी,
अक्षरांच्या डोक्यावर कुठे रेघ, कुठे चंद्रकोर.
मागच्या बाकावरची मुलं चपलांनी ठेका धरायची.
इथे आल्यापासून वृत्त कुणी विचारलं नाही.
आज विचारलं, तेही एका खोक्यानं.

"आधी रॅम काढ, खोडरबरानं पूस, कधी कधी तेवढ्यानंच..."
आणि लाइन गेली.
खिडकीच्या गजाला हात लावून घेतला,
अंगातली वीज उतरायला म्हणे.
गज इतका तापलेला की वीज उतरली की चढली,
देव जाणे.
रॅमचे सोनेरी दात घासले. परत बसवली.
पुन्हा तोच भ.

मग कार्ड. स्क्रू निघाला, कार्ड निघेना.
ओढलं. हलवलं. शिवी दिली, मराठीतच.
शेवटी बोटालाच कळलं, खाचेच्या टोकाला
नखाएवढा एक खटका आहे.
तो दाबला तर आलं अलगद हातात,
धुळीची गोधडी पांघरून.
बारा वर्षांचे वारे त्यात गोळा झालेले.
कपॅसिटरची डोकी फुगलेली,
एकाचं फुटून वर तपकिरी पापुद्रा,
आणि वास थेट करपलेल्या जिऱ्याचा.

कार्ड पंचात गुंडाळून खालच्या गल्लीत मुरादकडे.
त्यानं हुंगलं, मान हलवली.
"पेटीत पॉवर किती?"
"तीनशे वॉट."
मी समोरच्या चकचकीत कार्डाकडे बोट केलं
तसा तो हसला. त्याचे वडील मत्रहला मासेमारी करायचे.
"म्हातारी होडी आहे, बाई.
मोठं इंजिन लावलंत तर तळ जाईल."
खणातून एक बुटकं कार्ड काढलं, वापरलेलं,
वेगळी वायर न मागणारं.
सहा रियाल, पाचशे बैसा.
वरचे पाचशे मी सोडवून घेतले.

बसवलं. खटका "टक्" म्हणाला.
मॉनिटरची वायर सवयीनं जुन्या भोकात घातली,
मग आठवलं, काढली, नव्यात घातली.
बटण.

एकच आवाज. छोटासा.
ल.
यमाताराजभानस संपल्यावर उरतो तो ल.

पडद्यावर अक्षरं आली, भाकरीएवढी,
रंग थोडे विटके.
तारीख म्हणाली, एक जानेवारी दोन हजार नऊ.
आतला सेलही मेला असणार,
तो पुढच्या महिन्यात.
तोवर रोज सकाळी हातानं सांगायचं याला,
आज कोणता दिवस ते.

रात्री जयवंतचा फोन लागला.
"पुन्हा चालू करून ऐकव," म्हणाला.
बिलं अर्धी झाली होती, तरी बंद केलं, चालू केलं,
फोन धरला.
"लघू," तो म्हणाला.
शिकवला नव्हता मी त्याला कधी.

नवा पंखा जरा घरघरतो.
मी सतराव्या पोत्याचा आकडा टाकला
आणि शार्जाची गाडी तपासायला घेतली.