दर्या आणि दऱ्या

खेतवाडीतल्या गोलतकरांचा कॉम्प्युटर
मार्चात बसला तो बसलाच.
फाइल सीडीवरून पेनड्राइव्हवर,
पेनड्राइव्हवरून माझ्या टेबलावर, वडाळ्याच्या गाळ्यात.
उघडली तर खिडकी म्हणाली:
फॉन्ट सापडत नाही. त्याऐवजी दुसरा वापरू?
हो म्हणायचं बटण मोठं होतं.

पान एक: डॉलर, कंस, उद्गारचिन्हं,
डोक्यावर टोपी घातलेला एक ए.
मोरेश्वर तांडेल खुर्ची ओढून बसलेले, चष्मा कपाळावर.
"ही काय भाषा?"
तुमचीच आहे काका. अंगावरचे कपडे हरवलेत फक्त.

गोलतकरांना फोन लावला.
कानातलं यंत्र शिट्टी मारत होतं.
"फॉन्ट फ्लॉपीवर होता. मागे कुलूप लागायचं, डोंगल.
डोंगल ड्रॉवरात. ड्रॉवर भंगारात."
मग थोडं थांबून,
"ल पाकळीचा ठेव हां. दांडीचा नको."

कन्व्हर्टर रात्री साडेदहापर्यंत.
मराठी परत आली, तापातून उठल्यासारखी,
वेलांट्या शेजारच्या घरात, श देठाशिवाय,
आणि र मोडलेला:
वार्याचा, खार्याचा, किनार्याचा.
मी शहाणपणा केला. शोधा आणि बदला.
सगळे बदला.
एकशे सत्त्याऐंशी, यंत्रानं छाती फुगवून सांगितलं.

सकाळी काका प्रूफ वाचत होते, ओळीखाली बोट धरून.
बाप माझा चौदाव्या वर्षी दऱ्यात उतरला.
नारळी पुनवेला आम्ही दऱ्याला नारळ देतो.
बोट थांबलं.
"आमचे वरलीन डोंगर कवा आला गो?"

सूर्याचा सूऱ्य झाला होता,
सोसायटीचं काऱ्यकारी मंडळ दात विचकत उभं.
हसलो दोघं, चहा सांडेपर्यंत.
मग एकेक दर्या हातानं परत आणला.
सेहेचाळीस.

पान बासष्ट. न परतलेल्यांची यादी.
गोलतकरांनी ती अशी बसवलेली
की शेवटचं नाव चौकटीच्या तळाला टेकावं.
नवा फॉन्ट केसभर रुंद.
मधे कुठेतरी एका होडीचं नाव मोडून
पुढच्या ओळीवर गेलं, बस, एवढंच.
कोपऱ्यात बारीक लाल अधिकचिन्ह आलं:
मजकूर आहे, मावत नाही.
मी ते पाहिलं नव्हतं.
काकांनी यादी दोनदा मोजली.
"एकोणीस," म्हणाले. "वीस होते."
आणि चष्मा काढून पुसत बसले,
स्वच्छ होता तरी.

चौकट खाली ओढली, जरा, अजून जरा,
आणि धाकू जान्या तांडेल वर आला,
सत्त्याहत्तरचा, नोव्हेंबरातला,
पाकळीच्या ल सकट.

तळाचा समास तीन मिलिमीटरनं कमी झालाय.
गोलतकरांना अजून सांगितलेलं नाही.