अंतर किलोमीटरमध्ये लिहा

प्रश्न क्रमांक एकतीस:
जवळचं आरोग्य केंद्र किती लांब?

द्वारकी जाक्कर बांगड्याच्या पोटात मीठ भरता भरता
वर बघते, माझ्याकडे नाही, खाडीकडे,
नि विचारते,
"भरतीला, का सुकतीला?"

टॅबमध्ये हा पर्याय नाही.
चौकट फक्त आकडा घेते.
भरतीला उस्मान मुकादमची होडी, दहा मिनिटं.
सुकतीला गुडघाभर चिखल, त्यात कालवांच्या शिंपा,
नाहीतर पुलावरून वळसा: एसटी दिवसाला दोन,
त्यातली एक पावसाळ्यात येत नाही.

"सुनेच्या वेळेला सुकती होती," ती म्हणते,
नि पुढचा बांगडा घेते.
मी पुढचा प्रश्न.

सवयी. तंबाखू?
"नाय गो. मशेरी तेवढी."
ओढता, की चघळता?
दोन्ही नाही. 'इतर'मध्ये टाकते.
तीनला उठून लिलावाला उभं राहायचं,
भाकरी अकराला,
मधली भूक दातांवरून बोट फिरवलं की गप बसते,
हे 'इतर'मध्ये मावत नाही.

व्यायाम, आठवड्याला किती मिनिटं?
उदाहरणार्थ चालणे, योगासने, सायकल.
ती हसते, इतकी की हलीमा पडवीतून विचारते, काय झालं?
"बाय विचारतेय, मी चालायला जातंय काय!"
दोघी हसतात.
चुंबळीनं तिच्या टाळूवर रुपयाएवढं टक्कल पाडलंय.
मी शून्य लिहिते. मग खोडते.
टॅबवर खोडलेलं दिसत नाही.

मीठ, रोज किती चमचे?
हात कोपरापर्यंत पांढरे,
भेगांत खडे रुतलेले.
खाण्यातलं, मी घाईनं म्हणते, फक्त खाण्यातलं.
"आगोटीपासून नारळी पुनवेपर्यंत
दुसरं काय असतंय ताटात?"

दंडाला पट्टा गुंडाळते.
एकशे अठ्ठ्याहत्तर, एकशे चार.
पुन्हा घेते. एकशे ऐंशी.
गोळी? आहे ना. पत्र्याच्या डबीतून काढून दाखवते,
कोयतीनं अर्धी अर्धी केलेली.
महिन्याची दोन महिने पुरते.
चार हलीमाला दिल्या,
तिलाही चक्कर येते, नि तिचीही गोळी पांढरीच असते.
गोळ्या मंगळवारी मिळतात.
मंगळवारी घाटावरचे व्यापारी येतात.

उपचारात खंड पडण्याचं कारण. एकच निवडा.
निष्काळजीपणा. अज्ञान. अंधश्रद्धा. पैसे.
मी बोट अधांतरी धरून बसते.
स्क्रीन विझतो.

मागच्या खेपेला रत्नागिरीच्या बैठकीत
पडद्यावर एक गोल होता,
त्यातला सर्वांत मोठा तुकडा केशरी: निष्काळजीपणा.
त्यातले सदतीस जण मी नोंदवलेले.
जेवण चांगलं होतं. ओल्या काजूची उसळ.

"ऊठ बाय, पाणी उतरायला लागलंय.
मुकादम थांबायचा नाय."
मी पट्टा कोंबते, चप्पल हातात घेते, धावते.
होडी धक्क्यापासून पाच हात पुढे.
उस्मान मुकादम वल्हं वर करून ओरडतो,
"आता पहाटे!"

शेवटच्या पायरीवर बसते.
बॅटरी अकरा टक्के.
एकतीसची चौकट लाल, रिकामी.
समोर केंद्राची पांढरी भिंत,
खिडकीतला पंखा फिरतोय तोही दिसतो.
नकाशा सांगतो: शून्य दशांश आठ.

मागून द्वारकी येते, हातात चहाचा पेला.
काठाला ओठ लावते, खारट.
"पहाटे कितीला भरती?"
ती बोटांवर तिथी मोजते,
पंचमी, पाचाचे पाऊण,
"पावणेचार. फारतर चार.
झोप इथंच. मी उठवतंय."