उष्टी हळद

आई दर रविवारी तासगावहून फोन करते.
आधी द्राक्षांवरचा दावण्या, मग तिचा गुडघा,
मग आवाज खाली आणून,
जणू सगळी गल्ली कान लावून बसलीय:
"तुला हळद कधी लागायची रं?"

मी न्हाणीच्या दारात उभा असतो.
आत सुकुमार तिसऱ्यांदा साबण लावतोय.
मार्केट यार्डात दिवाणजी तो,
दिवसभर हळकुंडांच्या राशी, पोत्यांचे नंबर,
संध्याकाळी घरी येतो ते पालीच्या जत्रेतनं आल्यासारखा.
भुवया पिवळ्या, नाकपुड्या पिवळ्या,
कानामागं, जिथं कुणाचं लक्ष जात नाही
(माझं जातं)
तिथंही पिवळा.

"आई, इथं रोजच लागते."
"वात्रटपणा पुरे. कोण शिंकलं?"
"सुकुमार."
"अजून तिथंच राहतो व्हय? भाडं तरी देतो का वेळेवर?"
देतो, आई.
कधी जास्तच देतो.
पुढच्या खेपेला बेदाण्याच्या दोन पिशव्या येतात,
एकीवर तिच्या अक्षरात: शिंकणाऱ्याला.

सुकुमारचा आजा खरसुंडीच्या बाजारात बैल घ्यायचा.
दोन पुरुष, एक टॉवेल, टॉवेलाखाली हात.
बोटं दाबून भाव ठरायचा.
सगळा बाजार बघत असायचा
आणि कुणाला काही म्हणजे काही कळायचं नाही.
"बघ," सुकुमार म्हणतो, "आपल्यात ही रीत जुनीच हाय."

तेव्हापासून मिरजेच्या सिटी बसमध्ये
त्याचा टॉवेल दोघांच्या मांडीवर पसरलेला असतो.
तो दोन बोटं दाबतो. म्हणजे रात्री दोन अंडी.
मी तीन दाबतो.
तो मान हलवतो, बाजार चढलाय.
अंगठा म्हणजे उतरल्यावर भडंग घेऊ.
करंगळी म्हणजे समोरच्या सीटवरचा माणूस घोरतोय, हसू नकोस.
आख्खी मूठ म्हणजे काही नाही,
आख्खी मूठ म्हणजे नुसती मूठ.

"तिकीट?"
आम्ही दोघं एकदमच हात बाहेर काढतो.
त्याचा पिवळा, आणि आता माझाही.
कंडक्टर बघतो, परत बघतो.
"लग्नघरातनं आलाय जणू?"
"व्हय," सुकुमार सुट्टे मोजत म्हणतो, "घरचंच हाय."

महापालिकेत पाणीपट्टीच्या खिडकीवर बसतो मी.
परवा एक म्हातारा पावती उजेडात धरून म्हणाला,
साहेब, यावर पिवळं बोट उठलंय, चालंल न्हवं?
म्हटलं, आजोबा, शुभ असतं.
त्यानं पावती कपाळाला लावून खिशात ठेवली.

चादरीचं मात्र अवघड आहे.
खालच्या मगदूम वहिनी जिन्यात थांबवून सांगतात,
हळदीचा डाग साबणानं जात न्हाई, भावजी,
कडक उन्हात टाका, आपोआप उडतो.
बरं झालं सांगितलंत, मी म्हणतो.
आम्ही चादर सावलीत वाळवतो.

माघात त्याच्या धाकट्या भावाचं लग्न झालं, कुपवाडला.
आत्यांनी उरलेली हळद सुकुमारच्या गालाला फासली,
पुढचा नंबर तुझा, म्हणत.
रात्री साडेअकराला तो स्कूटरवरून आला,
हेल्मेटची काच आतून पिवळी,
डब्याच्या झाकणात ओल्या हळदीचा गोळा.
"नवऱ्याची उष्टी हळद नवरीकडं पाठवत्यात."
"बरं मग?"
"मग काय. घेऊन आलोय."
"म्हणजे नवरा तू?"
"का, मी का नको?"
"पाठ माझी दुखते, स्वयंपाक तू करतोस, रुसतो कोण?"
"रुसण्याचा काय संबंध?"
तासभर भांडलो.
झाकणातली हळद वाळायला लागली.
शेवटी पाच रुपयांचं नाणं उडवलं,
ते फरशीवर नाचलं, उंबऱ्याला आपटलं
आणि गडगडत पलंगाखाली गेलं.

मग दोघांनीच एकमेकांना लावली,
उष्टी कुणाची ते न ठरवता.

नाणं अजून तिथंच आहे.
कुठली बाजू वर पडलीय, कुणी वाकून बघितलेलं नाही.
सकाळी केर काढताना
तेवढी जागा सोडून झाडू फिरतो,
त्याचाही,
माझाही.